तोंडाचा कॅन्सर आणि प्रकाशाचा उपचार : नॅनोकण काय करतात, आणि आपल्या घरात काय करायला हवं?

‘लेझरचा उजेड टाकला आणि कॅन्सर गायब’, ‘नॅनो औषधाने बिना ऑपरेशन इलाज’ असे व्हिडिओ अधूनमधून फॅमिली ग्रुपवर येतात. घरात कुणाला तोंडात गाठ असेल, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं असेल, तर असा व्हिडिओ पाहून माणूस थांबतो. ‘काही महिने बघू, नवीन इलाज येतोय ना’ असं म्हणतो. तोंडाच्या कॅन्सरमध्ये हे काही महिनेच महागात पडतात.

या व्हिडिओंमागचं विज्ञान खरं आहे. प्रकाशाने जागं होणारं औषध खरोखर अस्तित्वात आहे, त्याला नॅनोकणांची जोड देण्याचं काम आपल्या महाराष्ट्रातही झालं आहे. पण ते कुठवर पोहोचलंय आणि कुणाच्या उपयोगाचं आहे, हे समजून घेतलं तर फसगत होणार नाही. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवतो. त्यामुळे वर्गात सांगतो तसंच टप्प्याटप्प्याने सांगतो.

आधी आपल्या तोंडाकडे बघू

ग्लोबोकॅन या जागतिक नोंदीनुसार २०२२ मध्ये भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार जण या आजाराने गेले. भारतातल्या पुरुषांमध्ये हाच कॅन्सर पहिल्या नंबरवर आहे.

कारणं आपल्या ओळखीची आहेत. तंबाखू-चुना, गुटखा, मावा, बिडी. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी कुठे मिळते हे गल्लीतल्या पोरालाही माहीत असतं. शिवाय मिश्री. उर्दूत मिस्री म्हणजे खडीसाखर, आपल्या मावळात मिश्री म्हणजे भाजलेली, कुटलेली तंबाखू. सकाळी दात घासायला म्हणून बायका ती हिरड्यांना लावतात आणि मग दिवसातून तीन-चार वेळा लावल्याशिवाय चैन पडत नाही. ‘आमच्या घरात तंबाखू कुणी खात नाही’ असं सांगणाऱ्या घरातही मोरीच्या कट्ट्यावर मिश्रीची डबी सापडते.

आणि सुपारी. ‘नुसती सुपारी आहे, तंबाखू नाही’ हे आपण लग्नात, दावतीत सर्रास ऐकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच स्पष्ट केलं आहे की तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सर घडवते. सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते, तोंड उघडेनासं होतं, तिखट सोसेनासं होतं. पुढे त्यातूनही कॅन्सर होऊ शकतो.

औषध आणि उजेड : जुनी जोडी

काही पदार्थ अंधारात निरुपद्रवी असतात आणि उजेड पडला की कामाला लागतात, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आपल्याकडे पांढऱ्या डागांवर बावची लावून उन्हात बसवण्याची रीत जुनी आहे. तेराव्या शतकात इब्न अल-बैतार या मुस्लिम वनस्पतितज्ज्ञाने आपल्या औषधांच्या ग्रंथात पांढऱ्या डागांसाठी आतरीलाल ही वनस्पती देऊन रुग्णाला उन्हात बसवण्याचा उपचार नोंदवला. स्पेनमधल्या मालागाजवळ जन्मलेला हा विद्वान १२४८ मध्ये दमास्कसला वारला.

आधुनिक विज्ञानात ही गोष्ट सुरू झाली म्युनिकमध्ये. ऑस्कर राब नावाचा वैद्यकीय विद्यार्थी आपले प्राध्यापक फॉन टापायनर यांच्याकडे काम करत होता. पाण्यातल्या एकपेशीय जिवांवर तो अॅक्रिडिन नावाच्या रंगाचा परिणाम पाहत होता. तोच रंग, तेच प्रमाण, पण कधी जीव लवकर मरायचे तर कधी बराच वेळ जगायचे. फरक खोलीतल्या उजेडाचा होता. हे निष्कर्ष १९०० मध्ये छापून आले. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत थॉमस डोहर्टी यांनी हा उपचार कॅन्सरच्या रुग्णांपर्यंत नेला आणि १९९३ मध्ये कॅनडाने अशा पहिल्या औषधाला मंजुरी दिली. या पद्धतीला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात.

यात तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : प्रकाशाला दाद देणारं औषध, ठरावीक रंगाचा प्रकाश आणि पेशीतला ऑक्सिजन. औषध प्रकाश शोषतं आणि ती ऊर्जा ऑक्सिजनला देतं. तो ऑक्सिजन इतका तीव्र होतो की आजूबाजूच्या पेशीचं आवरण आणि आतली यंत्रणा मोडून टाकतो. पण तो टिकतो क्षणाच्याही फार लहान भागापुरता, त्यामुळे जिथे तयार होतो तिथेच मारतो. औषध आहे पण उजेड नाही, तिथे काही होत नाही. उजेड आहे पण औषध नाही, तिथेही काही होत नाही. दोन्ही जुळतील तिथेच पेशी मरते. केमोथेरपीचं औषध सगळ्या शरीरभर काम करतं, हे मात्र नेमक्या जागी करतं.

तोंडासाठीच हा विचार का?

वर्गात मी मुलांना मोबाइलचा टॉर्च तळहाताखाली धरायला सांगतो. बोटं लाल दिसतात. पांढऱ्या उजेडातला निळा, हिरवा रंग आपलं रक्त आतच गिळून टाकतं, लाल तेवढा पार होतो. म्हणून या उपचारात लाल किंवा लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्रकाश वापरतात.

पण लाल प्रकाशही फार खोल जात नाही. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात धुक्यात गाडी चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. हेडलाइट कितीही मोठा असो, उजेड धुक्यात विखरतो आणि चार हातांपुढचं दिसत नाही. शरीराचं मांस प्रकाशासाठी तसंच धुकं आहे. उपचाराइतका प्रकाश काही मिलिमीटर, फार तर सेंटीमीटरभर खोल पोहोचतो.

म्हणून पोटातल्या खोल गाठीसाठी हा उपचार अवघड. तोंडाचं तसं नाही. तोंड उघडलं की गाल, जीभ, हिरडी समोर असते आणि दिवा थेट तिथे नेता येतो. शिवाय ऑपरेशनमध्ये गालाचा किंवा जिभेचा तुकडा काढावा लागतो, त्याने बोलणं, गिळणं, चेहरा बदलतो. प्रकाशाच्या उपचारात जखम भरून येते आणि बहुतेक वेळा भागाचा आकार टिकतो. गरज पडली तर उपचार पुन्हा करता येतो, नंतर ऑपरेशनचा रस्ताही बंद होत नाही.

पण अट एकच, आणि तीच या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट : गाठ पातळ आणि लहान असायला हवी. म्हणजेच ती लवकर सापडायला हवी.

अलिगढमध्ये काय झालं

हा उपचार महागड्या लेझरवर अवलंबून राहिला तर गरिबाला उपयोग काय, हा प्रश्न अमेरिकेतल्या आणि आपल्याकडच्या काही संशोधकांनी मिळून हाती घेतला. बोस्टनमधल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या प्रा. तय्यबा हसन, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे प्रा. जोनाथन सेली आणि अलिगढ मुस्लिम विद्यापीठाच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजमधले प्रा. शाहिद अली सिद्दीकी यांचे गट यात होते.

त्यांनी लेझरऐवजी बॅटरीवर चालणारे लाल एलईडी दिवे वापरले. लाइट गेली तरी उपचार थांबू नये, ही त्यामागची सोय. प्रकाश गालाच्या आत नेमक्या जागी टेकून राहावा म्हणून थ्री-डी प्रिंटरवर बनवलेले लहान भाग जोडले. रुग्णाला अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल हे औषध तोंडावाटे देत. शरीरातल्या पेशी त्याचं प्रकाशाला दाद देणाऱ्या पदार्थात रूपांतर करतात आणि कॅन्सरच्या पेशींत तो पदार्थ जास्त साचतो. निळा प्रकाश टाकला की तो लालसर चमकतो, त्यामुळे स्मार्टफोनच्या कॅमेऱ्याने गाठ कुठवर पसरली आहे हेही पाहता येतं.

सुमारे ३० रुग्णांवर हा अभ्यास झाला. सगळ्यांच्या गाठी सुरुवातीच्या टप्प्यातल्या आणि लहान होत्या. त्यातल्या बहुसंख्य रुग्णांमध्ये उपचारानंतर गाठ नाहीशी झालेली आढळली, काहींमध्ये ती पूर्ण गेली नाही. हा अभ्यास लहान होता, त्यामुळे यावरून ‘ऑपरेशनची गरजच नाही’ असं कुणी म्हणत नाही. पण साध्या साधनांनी, आपल्या देशातल्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये हे करता येतं, एवढं त्यातून दिसलं. यात नॅनोकण नव्हते, हेही लक्षात ठेवा.

मग नॅनोकण कशासाठी?

एक मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. औषध वाहून नेणारे कण बहुधा शंभर नॅनोमीटरच्या आसपास असतात. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे आठशे-हजार कण शेजारी शेजारी बसतील.

प्रकाशाला दाद देणारी बरीच औषधं पाण्यात नीट विरघळत नाहीत, एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि कॅन्सरबरोबर चांगल्या पेशींतही शिरतात. ते औषध कणात भरलं तर रक्तातून नीट वाहतं. कणाच्या अंगावर ‘पत्ता’ही लावता येतो. तोंडाच्या कॅन्सरच्या बऱ्याच पेशींच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचं प्रथिन नेहमीपेक्षा जास्त असतं. त्या प्रथिनाला चिकटणारा रेणू कणावर बसवला, की कण त्याच पेशीला जाऊन धरतो. पोस्टमन पाटी वाचून दार वाजवतो, तसं. ‘टार्गेटेड’ म्हणतात ते यालाच.

दुसरा प्रकार सोन्याच्या कणांचा. इथे रासायनिक मारा नसतो, उष्णता असते. सोन्याचा पातळ थर दिलेला कण लालच्या पलीकडचा प्रकाश शोषतो आणि तापतो, उन्हात काळी चादर तापते तसा. त्या उष्णतेने कॅन्सरची पेशी मरते. याला फोटोथर्मल थेरपी म्हणतात.

या दुसऱ्या प्रकारावर आपल्या जवळच काम झालं. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. रोहित श्रीवास्तव यांच्या प्रयोगशाळेने चरबीच्या सूक्ष्म पिशवीवर सोन्याचा थर दिलेले कण बनवले. टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर इथल्या अॅक्ट्रेक केंद्रातल्या शास्त्रज्ञांबरोबर त्यांची उंदरांवर चाचणी झाली. लोणावळ्याहून घाट उतरून पनवेल, कळंबोली ओलांडलं की लागतं ते खारघर. २०१५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. उंदरांच्या गाठी प्रकाशाने नष्ट झाल्या आणि काम झाल्यावर कण मोडून शरीराबाहेर जातात, असं त्यात दिसलं. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण सोन्याचे कण शरीरातच साठून राहिले तर काय, ही मोठी काळजी असते.

उंदरापासून माणसापर्यंत

मग हे हॉस्पिटलमध्ये का मिळत नाही? एक आकडा सांगतो. २०१६ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांतले नॅनोकणांचे प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले. रक्तात सोडलेल्या औषधापैकी गाठीपर्यंत पोहोचणारा भाग साधारण ०.७ टक्का निघाला. म्हणजे हजार कण सोडले तर सात पोहोचले. बरेचसे कण यकृत आणि प्लीहा वाटेतच अडवतात. पाटीवर पत्ता बरोबर लिहिला म्हणून पत्र पोहोचतंच असं नाही, वाटेत नाके बरेच असतात.

उंदराची गाठ कातडीखाली, वाटाण्याएवढी असते. माणसाची गाठ मोठी, आतून वेगवेगळ्या पेशींची असते. म्हणून उंदरावर यशस्वी झालेली पुष्कळ औषधं माणसापर्यंत पोहोचत नाहीत. यात शास्त्रज्ञांची फसवणूक नसते, कामच तसं आहे. फसवणूक सुरू होते ती उंदरावरची बातमी माणसाच्या नावाने विकली जाते तेव्हा.

‘पत्ता’ लावलेलं एक औषध मात्र रुग्णांपर्यंत पोहोचलं आहे. जपानने सप्टेंबर २०२० मध्ये डोकं आणि मानेच्या कॅन्सरसाठी अकॅलक्स या औषधाला मंजुरी दिली. यात ईजीएफआरला चिकटणाऱ्या अँटिबॉडीला प्रकाश शोषणारा रंग जोडलेला आहे. औषध दिल्यावर लाल प्रकाश टाकून गाठ मारतात. पण जपानमध्येही ते ऑपरेशन करता न येणाऱ्या, पसरलेल्या किंवा परत उलटलेल्या आजारासाठी आहे. ऑपरेशनने निघू शकणाऱ्या गाठीवर तिथेही आधी ऑपरेशनच केलं जातं.

प्रकाशाच्या उपचाराच्या मर्यादाही ध्यानात घ्या. उजेड जिथे पडतो तिथेच काम होतं. आजार मानेतल्या गाठींत उतरला असेल तर तोंडात टाकलेला प्रकाश तिथे पोहोचत नाही. उपचाराच्या वेळी दुखतं. आणि औषध शरीरात असेपर्यंत ऊन टाळावं लागतं. काही औषधांसाठी दोन दिवस, काहींसाठी कित्येक आठवडे. रोज उन्हात काम करून पोट भरणाऱ्याला कित्येक आठवडे घरात बसणं सोपं नाही.

आज तोंडाच्या कॅन्सरचा भरवशाचा इलाज ऑपरेशन हाच आहे, आणि गरजेप्रमाणे रेडिएशन व केमोथेरपी. कुणी दवाखान्यात ‘नॅनो’ नावाने काही देत असेल तर तीन प्रश्न विचारा. हे औषध माणसांवर तपासलंय का? त्याला सरकारी मंजुरी आहे का? आणि हे एखाद्या अधिकृत चाचणीचा भाग असेल, तर माझ्याकडून पैसे का घेताय?

आपण काय करू शकतो

केरळमध्ये तिरुवनंतपुरमजवळ १९९६ पासून एक मोठा अभ्यास झाला. प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी घरोघर जाऊन लोकांची तोंडं नुसत्या डोळ्यांनी तपासत. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्या लोकांमध्ये अशा तपासणीने तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. २००५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नॅनोकण नाहीत, लेझर नाही. उजेड, डोळे आणि वेळेवर पुढची तपासणी.

हे काम घरात महिन्यातून एकदा करता येतं. आरशासमोर उभं राहा, टॉर्च घ्या, तोंड स्वच्छ धुवा.

– दोन्ही गालांची आतली बाजू, ओठ उलटून आतला भाग, हिरड्या, टाळू बघा.
– जीभ बाहेर काढा, दोन्ही कडा बघा. जीभ वर उचलून खालचा भाग बघा.
– पांढरा किंवा लाल चट्टा, न दुखणारी जखम, कडक गाठ, विनाकारण हलणारा दात, मानेत गाठ आहे का पाहा.
– तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात जातात का पाहा. मोठ्या माणसाची जायला हवीत. जात नसतील तर डॉक्टरांना दाखवा.

‘तोंड आलंय, गरम पडलं असेल’ असं म्हणून आपण छाल्यांवर घरगुती इलाज करतो. तोंड आलेलं आठ-दहा दिवसांत बरं होतं. दोन आठवड्यांत न भरलेली जखम मात्र थांबवून ठेवायची नाही. कॅन्सर सुरुवातीला दुखत नाही, म्हणून ‘दुखत नाही ना, मग काही नसेल’ हा हिशेब उलटा आहे.

घरातल्या बायकांची तपासणी विसरू नका. नानी, खाला, चाची मिश्री लावतात हे घरात सगळ्यांना माहीत असतं, पण बोलत कुणी नाही. त्या स्वतःहून दवाखान्यात जाणार नाहीत. लेडी डॉक्टर हवी असेल तर तसं विचारायला संकोच नको.

जायचं कुठे? ३० वर्षांवरच्या लोकांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांच्या कामात धरलेली आहे, तेव्हा आधी जवळच्या केंद्रात किंवा दाताच्या डॉक्टरकडे दाखवा. पुढे तळेगाव दाभाडेला मायमर मेडिकल कॉलेजचं डॉ. भाऊसाहेब सरदेसाई रुग्णालय आहे. लोकलने पुण्याला गेलात तर स्टेशनजवळ ससून, आणि कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला डेंटल कॉलेज. कॅन्सर निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याचे उपचार येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याच्याशी बोला.

डॉक्टर तुकडा काढून तपासायचं म्हणाले तर घाबरू नका. ‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो’ हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं, पण ते खरं नाही. तुकडा न तपासता घालवलेल्या महिन्यांत मात्र आजार वाढतो.

आणि सवय सोडणं. रमजानमध्ये आपले कित्येक भाऊ सहरीपासून इफ्तारपर्यंत तंबाखूला हात लावत नाहीत. म्हणजे दिवसाचे बारा-चौदा तास तंबाखूशिवाय निघतात. इफ्तारनंतरची पहिली पुडी टाळली की पुढचा रस्ता तिथूनच निघतो. मदत हवी असेल तर तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत फोन आहे : १८००-११-२३५६.

प्रकाशाचा उपचार उद्या मावळापर्यंत आला, तरी त्याचा फायदा मिळेल तो गाठ पातळ असताना दाखवणाऱ्याला. तेव्हा या जुम्म्याला नमाजनंतर घरी आलात की टॉर्च काढा आणि घरातल्या मोठ्यांना तोंड उघडायला सांगा.